हिरवी टिकली

दुपारचा एक वाजत आला होता. रोशन निखाडेनं घराचं दार इतक्या जोरात ढकललं की कडी भिंतीवर आपटली, आणि मग त्यानं दारालाच शिवी हासडली. दाराचा काही दोष नव्हता. पण चंद्रपुरात मे महिन्याच्या भर दुपारी घरी आलेला लाईनमन म्हणजे कामावरून परत पाठवलेला लाईनमन, आणि ज्या बाईच्या प्रोग्रॅमनं त्याला परत पाठवलं होतं ती समोरच बसून वरणभात जेवत होती. ती त्याची बायको होती.

"झालं तुहं समाधान?" तो म्हणाला. "खांबाखाली उभा होतो मी, चढलो बी नव्हतो. पाठवलं घरी."

"ताप किती दाखवत होतं?" हर्षलानं विचारलं.

"काहीच नाही दाखवत होतं. 'वाचन नाही' म्हणे. वाचन नाही म्हणून थांबा! गँगमधले सारे हसून राहिले. म्हणे, निखाडे भाऊ, वहिनीले भाजी निवडाले माणूस पाहिजे असंल, जा लवकर."

हर्षलाला हसू आलं. तिनं ते दाबलं, पण दाबताना त्याला दिसलं, आणि मग तो जेवलाच नाही.

उन्हाचा कायदा येऊन तेव्हा दोन उन्हाळे झाले होते. उघड्यावर काम करणाऱ्या प्रत्येकानं छातीवर एक पातळ चकती चिकटवायची, असा तो कायदा. सरकारी कागदात त्या चकतीचं नाव लांबलचक होतं. लोकांनी पहिल्याच दिवशी तिला टिकली म्हणून मोकळं केलं. मिशीवाले गडी छातीला टिकली लावून फिरतात यावर सगळ्या जिल्ह्यानं पोट धरून हसून घेतलं. मग पहिला उन्हाळा सरला, उष्माघातानं जाणाऱ्या माणसांचा आकडा निम्म्याच्या खाली आला, आणि हसणं आपोआप बंद पडलं.

टिकलीचं काम तसं साधं. कातडीचं तापमान, हृदयाचे ठोके आणि घामातलं मीठ एवढं ती मोजायची आणि त्यावरून शरीराच्या आतलं तापमान किती असेल याचा अंदाज काढायची. बाहेर सत्तेचाळीस अंश असले तरी माणूस आतून सदतीसच्या आसपासच असतो, कारण घाम त्याला गार ठेवतो. घाम पुरेनासा झाला की आतला पारा चढायला लागतो. साडेअडतीसच्या पुढे डोकं जड होतं, चाळीसच्या पुढे माणूस भलतंसलतं बोलतो, आणि त्याच्याही पुढे काहीच बोलत नाही. अडचण अशी, की ज्याचा पारा चढतो त्याला स्वतःला ते सगळ्यात शेवटी कळतं. म्हणून टिकलीचा आकडा थेट जिल्ह्याच्या उष्मा कक्षात जायचा आणि तिथला प्रोग्रॅम ठरवायचा, चालू की थांबा. चालू म्हणजे टिकलीवरचा दिवा हिरवा, थांबा म्हणजे लाल. लाईनमनची टिकली लाल झाली की त्याच्या नावाचं कामाचं परमिट रद्द होऊन त्याच टोळीतल्या दुसऱ्या हिरव्या माणसाच्या नावावर आपोआप जायचं.

प्रोग्रॅम हर्षलानं लिहिला होता, आर नावाच्या भाषेत. संख्याशास्त्र शिकलेल्या माणसांना दुसरी भाषा सुचत नाही. निर्णयाचा गाभा जेमतेम चार ओळींचा. इफ, म्हणजे आतलं तापमान साडेअडतीसच्या वर असेल तर थांबा. एल्स इफ, म्हणजे तेवढं नसेल पण झपाट्यानं चढत असेल, तरीही थांबा. एल्स, म्हणजे यातलं काहीच नसेल, तर चालू. अटी वरून खाली तपासल्या जातात. जी पहिली खरी ठरते तिथंच निकाल लागतो. खालच्या अटींना कुणी विचारतसुद्धा नाही.

आता इफला उत्तरं दोनच समजतात, हो किंवा नाही. पण टिकलीकडून आकडाच आला नाही तर आर त्या जागी एनए लिहिते. एनए म्हणजे शून्य नव्हे. एनए म्हणजे ठाऊक नाही. ठाऊक नसलेला आकडा साडेअडतीसपेक्षा मोठा आहे का, याचंही उत्तर ठाऊक नाही असंच येतं, आणि ते पुढ्यात आलं की इफ हातपाय गाळून बसतं. पहिल्याच दिवशी बल्लारपूरच्या कुणा गवंड्याची टिकली आंघोळीत निघाली, आणि त्या एका एनएपायी अख्ख्या जिल्ह्याचे निर्णय ठप्प झाले. तेव्हापासून हर्षलानं सगळ्यात वर एक अट बसवली होती. वाचन नसेल तर थांबा. ठाऊक नसेल तर माणूस सावलीत बसवावा, त्यात कुणाचं काय जातं, असं तिला वाटलं होतं.

काय जातं ते तिला उष्मा कक्षाचे प्रमुख देवपुजारी साहेब रोज सांगत.

साहेबांना आर येत नव्हती, पण इफ आणि एल्स हे दोन शब्द त्यांना फार आवडले होते. रोज सकाळी ते एखादी नवी अट घेऊन तिच्या टेबलापाशी उभे राहत. पालकमंत्र्यांचा दौरा असेल त्या दिवशी मांडववाल्यांना थोडी सूट देता येईल का? वरातीतले बँडवाले तसे सावलीतच असतात ना? हर्षला नाही म्हणायची, ते "बघा, बघा" म्हणून निघून जायचे, आणि दुसऱ्या दिवशी तीच अट दुसऱ्या कपड्यांत हजर व्हायची. या सगळ्याचा तिला वीट आला होता.

पण रोशनला परत पाठवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांचा आवाज वेगळा होता.

"मॅडम, काल शहरात अर्ध्या तुकूम भागात वीज नव्हती. कूलर बंद. सत्तरी ओलांडलेली माणसं घरात भाजून निघाली. का? तर लाईनमन खांबाखाली लाल टिकली लावून बसलेत. ताप एकालाही नाही. वाचन नाही, एवढाच त्यांचा गुन्हा."

"साहेब, वाचन का येत नाही ते कळेपर्यंत—"

"मग कळून घ्या ना! वीज नसल्यानं एखादी म्हातारी गेली तर ती तुमच्या इफमध्ये बसणार आहे का?"

ती चिडली, पण साहेब चुकीचं बोलत नव्हते म्हणून जास्त चिडली.

तिनं सगळ्या जिल्ह्याची वाचनं काढून बघितली. आकडे सर्वात जास्त हरवत होते ते लाईनमन लोकांचे, आणि तेही खांबाच्या आसपास. उत्तर समोरच होतं. दुरुस्तीची तार बंद केली तरी शेजारची चालूच असते, तिच्या विजेनं टिकलीचा संदेश बिघडत असणार. माणूस ठीक, टिकली ठीक, मधल्या मध्ये आकडा गहाळ. हे उत्तर साहेबांना पटलं, वीज कंपनीला पटलं, आणि खरं सांगायचं तर हर्षलालाही सोयीचं होतं.

तिनं सगळ्यात वर नवी अट घातली. माणूस लाईनमन असेल आणि वाचन नसेल, तर त्याचं मागचं वाचन पुढे ओढा आणि त्यावरून निर्णय द्या. संख्याशास्त्रवाल्यांची ही जुनी खोड आहे. मधला आकडा हरवला की मागचाच पुढे चालवायचा. बाजारभावात चालतं, नदीच्या पातळीत चालतं. मात्र फक्त दहा मिनिटं, अशी मर्यादा तिनं घातली.

"दहा मिनिटात तं माणूस बेल्ट बी नीट बांधत नाही," रोशन म्हणाला. तो गच्चीवर कूलरच्या गवताच्या जाळ्या झटकत होता आणि झटकताना मुद्दाम तिच्या दिशेनं झटकत होता. "वर चढलो का पुन्हा लाल. पुन्हा उतर. बाकीच्याइच्या बायका डबा देते, माही बायको लाल दिवा देते."

"रोशन, नियम आहे तो."

"नियम तूच केला ना? मग तूच बदलव. का तिथं बी साहेबाले विचारा लागते?"

आठवडाभर हेच चाललं. सकाळी चहाला तेच, रात्री जेवताना तेच. ऑफिसात साहेब आणि घरी नवरा, दोन्हीकडून एकच मागणी, आणि मध्ये ती एकटी. शेवटी एका सकाळी तिनं दहा मिनिटांचा एक तास केला. कारणाच्या रकान्यात तिनं 'तांत्रिक' असं लिहिलं. साहेबांनी न वाचताच मंजुरी दिली.

त्यानंतरचे दिवस मात्र खरंच चांगले गेले. तुकूमची वीज वेळेत येऊ लागली. रोशन संध्याकाळी घरी यायचा तो शीळ घालत, एकदा तर तिच्यासाठी बर्फाचा गोळा घेऊन आला. तो घरी पोचेपर्यंत नुसतं लाल पाणी उरलं होतं, तरी दोघांनी वाटून प्यायलं. त्याच्या टोळीतला सर्वात जुना लाईनमन शामराव उईके, ज्याला सगळे उईके भाऊ म्हणत, त्यानं फोन करून तिचे आभार मानले. "वहिनी, आता काम केल्यासारखं वाटून राहिलं," तो म्हणाला.

मग देवपुजारी साहेब पुढची अट घेऊन आले. तेंदूपत्त्याचे ठेकेदार त्यांना भेटून गेले होते. जंगलात पानं तोडणाऱ्या बायाबापड्यांनाही 'वाचन नाही'चा त्रास होतो आहे. लाईनमनला दिली ती तासाची सवलत त्यांनाही द्या.

"देऊन टाका मॅडम, फक्त एक शब्द बदलायचाय," साहेब म्हणाले, आणि बैठकीसाठी नागपूरला निघून गेले.

हर्षलानं जंगलातली वाचनं उघडली, आणि ती पुन्हा पहिल्यापासून बघू लागली. जंगलात तारा कुठे होत्या? मैलोन्‌मैल एक खांब नव्हता. तरी आकडे हरवत होते, आणि तेही दुपार चढताना.

तिनं प्रत्येक गहाळ आकड्याच्या आधीचा आकडा काढला. तो चढता होता. मग वाचन परत आलं तेव्हाचा पहिला आकडा काढला. पानं तोडणाऱ्या बाईला वाचन नाही म्हणून थांबवलं होतं, ती सावलीत बसली, थोड्या वेळानं टिकली पुन्हा बोलू लागली, आणि आकडा होता एकोणचाळीस. दुसरी बाई, एकोणचाळीसच्या वर. तिसरा माणूस, तसाच.

तारांचा काही संबंध नव्हता. घामाचा होता. घाम बेसुमार सुटला की टिकलीचा डिंक सैल व्हायचा, चकती कातडीपासून केसभर उचलली जायची आणि वाचन बंद पडायचं. आणि घाम बेसुमार कधी सुटतो? शरीर टेकीला आलेलं असतं तेव्हा. म्हणजे आकडा नेमका अशाच वेळी हरवत होता, जेव्हा तो सर्वात जास्त हवा होता. लाईनमन लोकांचे आकडे जास्त हरवत होते, कारण रबराचे हातमोजे, हेल्मेट आणि जाड कपडे घालून उन्हात दुसरं कोण उभं राहतं? तिची पहिली, बावळट वाटणारी अट बरोबर होती. आणि ती अट तिनं स्वतःच्या हातानं बाजूला सारली होती.

तिनं जिल्ह्याच्या यादीत रोशनचं नाव शोधलं. वरोरा रोडवर, खांबावर. हिरवा. तापमान अडतीस पूर्णांक एक. तिनं मागची वाचनं उघडली. अडतीस पूर्णांक एक. त्याआधीही तेच. जिवंत माणसाचं तापमान असं खिळा ठोकल्यासारखं राहत नाही. तो आकडा पाऊण तासापूर्वीचा होता, प्रोग्रॅम तोच पुढे ओढत होता.

रोशननं फोन उचलला नाही. खांबावरचा माणूस उचलत नाहीच. तिनं उईके भाऊंना लावला.

"भाऊ, रोशनला खाली घ्या. आत्ताच्या आत्ता."

"काहून वहिनी? काही झालं का घरी?"

"घरी नाही. त्याला ताप चढतोय."

"त्याची तं हिरवी आहे. इथून दिसून राहिली मले."

"हिरवी चुकीची आहे, भाऊ! प्रोग्रॅम चुकतोय."

"पण वहिनी, प्रोग्रॅम तं तुमचाच आहे ना?" उईके भाऊ हसला. "मागं लाल चुकीची होती, आता हिरवी चुकीची. आम्ही पाहावं तरी कोणतं? काही ऊनबिन नाही आज. मले तं थंडी वाजून राहिली."

या उन्हाळ्यात सगळ्या जगानं तिची थट्टा करून घेतली होती. ही त्यातलीच एक, असं समजून तिनं रागानं फोन ठेवला.

नियम बदलायला साहेबांची मंजुरी लागायची, आणि साहेबांचा फोन बंद होता. मंजुरी मिळाली असती तरी नवा नियम दुसऱ्या दिवशी पहाटे लागू झाला असता. एका ओळीचं काम, पण ती ओळ तिच्याच हातात नव्हती. तिला टेबल उलथून टाकावंसं वाटलं. एकच वाट उरली होती. टिकली बिघडली तर साध्या थर्मामीटरनं घेतलेलं तापमान हातानं भरायची सोय होती, एका वेळी एका माणसाचं. हर्षलानं आयुष्यात कधी खोटा आकडा लिहिला नव्हता. कॉलेजात मैत्रिणी प्रयोगाचे आकडे घरी बसून जुळवायच्या, तेव्हा ती त्यांच्याशी भांडली होती. तिनं रोशन निखाडेच्या नावापुढे एकेचाळीस लिहिलं. आकडा आला, एनए गेलं, इफला हो मिळालं. टिकली लाल झाली.

ती बाकीच्या लाईनमन लोकांची यादी काढायला लागली, तोच फोन वाजला.

"हे तूच केलं ना?" रोशनचा आवाज फुटत होता. "एकेचाळीस? अरे, एकेचाळीसवाला माणूस फोनवर बोलते का?"

"तू खाली आलास? सावलीत बस. पाणी घाल डोक्यावर."

"काम अर्धं टाकून उतरवलं मले साऱ्याइच्या समोर! तुले लाज वाटते का माही? लाईनमनची बायको म्हणून लाज वाटते का, सांग एकदाचं!"

"लाजेचं काय आहे यात? मरशील म्हणून सांगतेय!"

"रोज तेच! रोज मरतो मी तुह्या हिशोबानं!"

आणि दोघं भांडली. महिनाभराचं साठलेलं होतं ते सगळं निघालं. भाजी निवडण्याचा टोमणा निघाला, साहेबांची मर्जी निघाली, तिच्या शिक्षणाचा आणि त्याच्या आयटीआयचा विषय निघाला. यादी तिच्यासमोर अर्धवट उघडी होती आणि ती फोनवर ओरडत होती. ओरडता ओरडता तिला एकदम सुचलं की आपण एक प्रश्न विचारलाच नाही.

"रोशन, खांबावर आता कोण आहे?"

"कोण असंल? उईके भाऊ. माहं परमिट लाल झालं का त्याच्या नावावर गेलं. तूच बनवलं ना तसं?"

तिनं उईकेंची ओळ उघडली. हिरवी. सदतीस पूर्णांक नऊ. सदतीस पूर्णांक नऊ. सदतीस पूर्णांक नऊ. आणि तिला ती थंडी आठवली. मरणाचा ताप चढलेल्या माणसाला थंडी वाजते, हे तिनंच प्रशिक्षणाच्या पत्रकात लिहिलं होतं.

"त्यांना उतरव! रोशन, त्यांना खाली घे!"

तिच्या आवाजात काहीतरी असलं पाहिजे, कारण या खेपेला तो वाद घालायला थांबला नाही. "उईके भाऊ!" त्याची हाक तिला फोनमध्ये ऐकू आली. मग पुन्हा, मोठ्यानं. मग तो नुसता "ओ भाऊ, ओ भाऊ" करत राहिला. शामराव उईके वर बेल्टला टेकून बसला होता, मान खाली घालून, आणि त्याच्या छातीवरचा दिवा हिरवा होता.

रोशनच वर चढला आणि त्यानंच त्याला दोरानं उतरवलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सारं संपलं होतं. खाली आल्यावर रोशनलाही उलट्या झाल्या. त्याचा ताप खरोखर एकोणचाळीसच्या वर निघाला. सलाईन लावलेल्या हातानं त्यानं हर्षलाचा हात धरला. तिला वाटलं, यापेक्षा त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चौकशी जिल्हा कचेरीच्या सभागृहात झाली. बाहेरून आलेले तीन अधिकारी, देवपुजारी साहेब, हर्षला, साक्षीला आलेला रोशन, आणि मागच्या खुर्चीत उईके भाऊंची बायको शेवंताबाई. देवपुजारी साहेबांनी पडद्यावर दोन आलेख दाखवले.

"निखाडे यांचं तापमान एकेचाळीस झालं, प्रणालीनं त्यांना तत्काळ थांबवलं, त्यांचा जीव वाचला. म्हणजे प्रणाली काम करते. उईके यांचं तापमान अखेरपर्यंत सदतीस पूर्णांक नऊ होतं. म्हणजे हा मृत्यू उष्म्यानं नाही. वय बघता हृदयविकार असावा. नियम बदलण्याचं कारण आम्हाला दिसत नाही."

तीन अधिकाऱ्यांपैकी मधले, चौकशीचे अध्यक्ष, त्यांनी मान हलवली आणि पेनचं टोपण उघडलं. सगळं व्यवस्थित बसत होतं. हर्षला गप्प बसली असती तर तिची नोकरी राहणार होती, रोशनचा जीव वाचवल्याची शाबासकी तिच्या प्रोग्रॅमला मिळणार होती, आणि तासाची सवलत पुढच्या उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या बायांनाही लागू होणार होती. ती उभी राहिली.

"साहेब, हे दोन्ही आलेख खोटे आहेत. त्या वेळी दोघांचंही वाचन येत नव्हतं. घामानं दोघांच्याही टिकल्या सुटल्या होत्या. उईके भाऊंचा आकडा माझ्या नियमानं मागून ओढलेला आहे. आणि निखाडेंचं एकेचाळीस मी हातानं टाकलंय."

"म्हणजे तुम्ही सरकारी नोंदीत खोटं वाचन भरलंत?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो. नियम बदलता येत नव्हता. माणूस थांबवायला दुसरा उपाय नव्हता."

देवपुजारी साहेब खुर्चीतून अर्धे उठले आणि पुन्हा बसले. अध्यक्षांनी पेनचं टोपण लावलं. रोशन जमिनीकडे बघत होता. मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. शेवंताबाई उठली होती. तिला आलेख कळले नव्हते, एनए कळलं नव्हतं, पण एवढं तिला बरोबर कळलं होतं.

"बाई," ती म्हणाली, "आकडा टाकला का माणूस खाली येते, हे तुमाले मालूम होतं. मग आमच्या ह्याइचा काहून नाही टाकला?"

सभागृहातले सगळे हर्षलाकडे बघू लागले. सांगायला कारणं होती. एका वेळी एकाच माणसाचा आकडा भरता येतो. यादी काढायला घेतलीच होती. फोन आला. ती सगळी कारणं खरी होती, आणि त्यातलं एकही तिनं सांगितलं नाही.

"मी फक्त माझ्या नवऱ्याचं नाव शोधलं, ताई," ती म्हणाली.